जोतीरामचा मुतखडा

माणूस कसा आहे हे मी त्याच्या बोलण्यावरून ठरवत नाही. तो काय घेतो, किती घेतो आणि कुणासाठी घेतो, ते बघतो. पलूसच्या पेठेत माझं किराणा मालाचं दुकान. वीस वर्षं त्या गादीवर बसल्यावर कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाची पोरगी बाळंतपणाला आलीय, हे मला शेजाऱ्याच्या आधी कळतं. भाऊ वेगळे होणार असले की त्याआधी महिनाभर एकाच घरातली दोन माणसं येऊन वेगवेगळं मीठ नेतात. मी काही बोलत नाही. पुड्या बांधून देतो.

एवढं कळणाऱ्या माणसाला सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात स्वतःच्या दुकानातून काय चाललंय ते पंधरा दिवस कळलं नाही. खरं सांगायचं तर कळलं होतं. खप वाढलेला असला की माणूस फार खोलात जात नाही.

जोतीराम हा कृष्णेवरच्या आमच्या उपसा योजनेचा पाटकरी. नदीचं पाणी इंजिनानं वर चढवायचं आणि पाटानं शेतोशेत फिरवायचं; कुणाच्या उसाला किती तास, ते जोतीरामच्या हातात. चेअरमनच्या उसालाही तो ठरल्यापेक्षा पाच मिनिटं जास्त देत नसे. त्यामुळं सगळे त्याला शिव्या घालत आणि पाण्यावरून भांडण लागलं की त्यालाच बोलावत. वय बेचाळीस. माझ्याच वर्गात होता. चौथीनंतर तो पाटावर गेला, मी मॅट्रिकपर्यंत रेटलं. इंग्रजी कागद आला की गाव माझ्याकडे येतं ते त्यामुळं.

त्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. मग पाय सुजले. भाकरी बघितली की ओकारी यायची. धाकटा भाऊ नानासो पलटणीतून दोन महिन्यांच्या रजेवर आलेला. त्यानं त्याला सांगलीला विश्रामबागेतल्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं आणि मला सोबत घेतलं. मला तसंही माल भरायला सांगलीला जायचं होतं.

रक्त तपासलं, लघवी तपासली. चार दिवसांनी परत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी जोतीरामला बाहेर बाकावर बसवून आम्हा दोघांना आत घेतलं.

"दोन्ही मूत्रपिंडं गेलीत," डॉक्टर म्हणाले. "थोडी नाही, बहुतेक सगळी. औषधानं ती परत येत नाहीत. पण रस्ते आहेत, ते नीट ऐका."

ते सांगत गेले आणि नानासो दर वाक्याला "येस सर" म्हणत गेला. तिसऱ्या "येस सर"ला डॉक्टरांच्या लक्षात आलं की याच्या डोक्यात काही शिरत नाही. त्यांनी समोरच्या मशीनवर सगळं इंग्रजीत टाईप करवलं, दोन पानं भरून, आणि कागद माझ्या हातात दिला. "हे पेशंटला समजावून सांगा. पथ्य त्याला पाळायचंय, तुम्हाला नाही."

बाहेर जोतीरामला झाडाखाली बसवून आम्ही दोघं चहाला गेलो. नानासोनं बशीत चहा ओतला आणि तो प्यायलाच नाही.

"दादाला यातलं काय बी सांगायचं न्हाई, याकूबभाई."

"मग काय सांगायचं?"

"मुतखडा."

मी विचार केला, माल वाईट नाही. मुतखड्यानं कुणी मरत नाही, कुणी घाबरत नाही आणि आमच्याकडे दहा घरं धरली तर एकात सापडतोच. "मुतखडा चालेल," मी म्हणालो. "आणि अंजनावैनीला?"

"बायकांच्या पोटात राहतंय व्हय? तिला बी मुतखडाच."

असं आम्ही दोघा शहाण्यांनी, पेशंट झाडाखाली बसलेला असताना, पेशंटचं ठरवून टाकलं.

घरी कागद वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. अंजनावैनी दाराला टेकून उभ्या. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि नसलेलं वाचायला लागलो. खडा आहे, बारीक आहे, पडून जाईल. मीठ बंद. डाळ थोडी. पाणी बेतानं.

"पानी बेतानं?" जोतीराम म्हणाला. "खड्याला पानी लय प्यायला सांगत्यात. तुज्या मामाला घागरी पाजल्या हुत्या की."

"तुझा खडा वेगळा आहे."

"कसा वेगळा?"

"इंग्रजी नाव आहे. तुला काय सांगू?"

तो हसला. मीही हसलो. त्या हसण्यात पाण्याची गोष्ट वाहून गेली, आणि कागदात तर त्या ओळीखाली डॉक्टरांनी पेनानं दोन रेघा मारल्या होत्या.

आता आमच्या गावाची रीत. आजाऱ्याला बघायला मोकळ्या हातानं कुणी जात नाही. ताप असेल तर ग्लुकोज बिस्किटं, बाळंतीण असेल तर खारीक. आणि मुतखडा म्हटल्यावर काय न्यायचं ते लहान पोरालाही माहीत: नारळाचं पाणी, बार्लीचं पाणी, हुलग्याचं म्हणजे कुळथाचं पातळ माडगं. जोतीरामनं सगळ्या गावाला मापून पाणी दिलेलं. आता गावानं त्याला न मोजता द्यायला सुरुवात केली. ज्यांना त्यानं पाच मिनिटं जास्त दिली नव्हती ते सगळ्यात आधी आले.

माझ्याकडचे नारळ संपले. पूजेचे नारळ ते, त्यात पाणी थोडंच. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, शहाळी का ठेवत नाही? माझ्या दुकानात त्याआधी शहाळं कधी आलं नव्हतं. मी सांगलीच्या बाजारातून आणायला लागलो. पहिल्या खेपेला बारा, दुसऱ्या खेपेला तीस. हुलगे पावसाळ्यापर्यंत पुरायचे ते आठ दिवसांत उडाले. दगडाबाई म्हणून एक म्हातारी आहे, जिनं आयुष्यात माझ्याकडून पावशेराच्या वर काही घेतलं नाही. तिनं बार्लीचा अख्खा डबा नेला. "जोतीबानं माज्या भुईमुगाचं पानी कवा चुकवलं न्हाई," म्हणाली.

मी डबा दिला. कागद माझ्याच गादीखाली घडी करून ठेवलेला होता.

पंधराव्या दिवशी, बाजाराचा दिवस होता, दुपारी शहाळ्यांचा तिसरा ढीग संपला आणि सहज मनात आलं, ही सगळी एकाच घरी गेलीत. बोटांवर मोजायला लागलो. पंचावन्नाला थांबलो. त्या घरात नानासो धरून माणसं पाच, त्यातली दोन पोरं, आणि पोरांना शहाळ्याचं पाणी कोण देतंय? मी गादीखालचा कागद काढला आणि दोन रेघांची ओळ पुन्हा वाचली. पाणी: काल जेवढी लघवी झाली तेवढं, वर अर्धा लिटर, बस्स. खाली वेगळी ओळ: नारळपाणी, फळांचे रस अजिबात नकोत, हृदय बंद पडू शकतं.

दुकान तसंच टाकून गेलो. जोतीराम भिंतीला टेकून बसलेला. आडवं झालं की दम लागत होता. तोंड असं सुजलेलं की डोळे शोधावे लागत. शेजारी तांब्या.

"भाऊजी, बरं झालं आलासा," अंजनावैनी म्हणाल्या. "रोज तीन-चार नारळाचं पानी देते, सकाळी हुलग्याचं, संध्याकाळी बार्लीचं. एक बी चुकवलं न्हाई. खडा पडना झालाय बगा."

त्या बाईनं काहीही चुकवलं नव्हतं. मी शेजारचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

चेअरमनची जीप काढली आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नानासो पुढं बसलेला, मागं वळून बघत नव्हता. दवाखान्यात जोतीरामच्या बेंबीखाली भोक पाडून नळी घातली. वर टांगलेल्या बाटलीतलं पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ आत ठेवायचं, मग खालच्या बाटलीत उतरवायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर येते. दोन दिवस हे चाललं. पहिल्या दिवशी तो राहतो की जातो ते कुणी सांगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे डोळे दिसायला लागले.

मी त्याच्याजवळ बसलो होतो. नर्स आली, वरची बाटली बदलली, खालच्या बाटलीवरची रेघ बघितली आणि खाटेला लटकवलेल्या तक्त्यात लिहून गेली. जोतीराम तिच्याकडं टक लावून बघत होता.

"याकूब."

"काय रं?"

"ही बया सकाळधरनं लिवतीया. आत किती सोडलं, भाईर किती आलं. मी बी बरुबर मोजतुया." तो दम घ्यायला थांबला. "हितं ती पानी काढत्यात आन् घरात तुमी मला पानी घालत हुता. पाटात तुंबलं तर वरनं आनखी सोडत न्हाईत, गड्या. हे खड्याचं काम न्हवं."

मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारू."

"डॉक्टरनं तुला कागद दिलाय. मी झाडाखालनं बगितलं हुतं. दोन पानं हुती. तू घरात वाचलंस ते आर्ध्या पानाचं बी न्हवतं."

"नानानं सांगितलं होतं..."

"नाना ल्हान हाय. तू का ल्हान हायेस?"

कागद खिशातच होता. जीपमध्ये बसताना घेतला होता, डॉक्टरांना दाखवायला म्हणून. काढला.

"सगळा वाच," तो म्हणाला. "मदली वळ गाळू नगंस. मला कळतंय तू कुटं गाळतुस. आवाज बारीक हुतुया."

म्हणून मी वाचला. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, इथपासून. पहिला रस्ता फक्त पथ्याचा होता: मीठ, पाणी, डाळ, सगळं तोडून दिवस काढायचे.

"किती दिवस?"

"काही महिने."

"म्हंजी किती?"

"आकडा नाही कागदात."

"डॉक्टरला ईचारायचा. फुडं."

पुढं ही नळी. दहा-पंधरा दिवसांनी यायचं, दोन दिवस राहायचं. दर वेळी पोटात पू होण्याची भीती. वर्षानुवर्षं निभत नाही. "हां," तो म्हणाला, "हे इंजान बंद पडल्यावर मोटंनं पानी वडल्यागत झालं. हंगाम निगतुया, रान न्हाई भिजत." मग मुंबईचं मशीन, रक्त बाहेर काढून धुऊन परत घालणारं, आठवड्यातून दोनदा, मशीनं थोडी, माणसं फार, आणि राहायचं मुंबईतच.

"तितं माजं कोन हाय? जीव लागायचा न्हाई माजा तितं. फुडं."

पुढच्या ओळीला माझा आवाज बारीक झाला असणार, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं. मी घसा साफ करून वाचलं. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं एक मूत्रपिंड काढून पेशंटला बसवायचं. वेल्लोरला होतं, मुंबईला होतं. देणारा भाऊ, बहीण नाहीतर आई-बाप. रक्त जुळावं लागतं. नंतर गोळ्या जन्मभर. दहा जणांत सहा-सात जणांचं वर्षभर तरी चालतं.

"आन् तीन-चार जनांचं?"

"लिहिलेलं नाही."

"लिवलंया की. दहातनं सात गेलं की तीन ऱ्हायलं." त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. "आन् देनाऱ्याचं?"

"बरगडीखाली कापतात. दोन आठवडे दवाखान्यात. एकावर माणूस जगतो, असं लिहिलंय."

"जगतुया ते बरुबर. उसाचं वझं उचलतुया का?"

कागद संपला होता. मी घडी घातली. आता रडेल, ओरडेल, निदान मला शिवी देईल, अशी मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "अंजीला बोलीव. तिला बी वाच. समदं. जिच्या हातात तांब्या तिलाच ठावं न्हाई, हे कुटलं शानपन रं तुमचं?"

अंजनावैनी आल्या. त्यांना मी तीनदा वाचून दाखवलं, कारण त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी नारळाची ओळ माझ्याआधी त्यांनीच म्हटली आणि पदर तोंडात धरून बाहेर निघून गेल्या. माझं दुकान अजून त्यांच्या वाटेवर आहे. मिठाची पुडी त्या पलीकडच्या कुंभारांच्या किराणा दुकानातून आणायच्या, वर्षभर.

नानासो संध्याकाळी आला आणि सगळ्यांची तोंडं बघून दारातच थांबला.

"सांगितलंसा व्हय?" मला म्हणाला.

"त्यानं काढून घेतलं."

"नाना, बस," जोतीराम म्हणाला. "तू काय ठरवलंयस ते सांग."

नानासोनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी देनार हाय. डॉक्टरला कवाच सांगितलंय. तुमाला कळू न देता समदं जुळवनार हुतो. आप्रेशनच्या दिशी सांगितलं असतं."

"आन् पलटन?"

"बगू."

"बगू न्हवं. एक किडनीच्या मान्साला पलटनीत ठेवत्यात का, ईचारलंस?"

"न्हाई."

"मंजी मला न कळता घालनार, आन् तू बी न कळता देनार. मज्जाच हाय." तो खरंच हसला आणि नळीनं पोट दुखून थांबला. "आदी ईचार. आन् आक्काला कळवलंस का?"

आक्का म्हणजे दोघांची थोरली बहीण शालूबाई, कोयनानगरला दिलेली. नवरा धरणावर कामाला. नानासो म्हणाला, तिला कशाला? सासरची माणसं काय म्हणतील? मागितल्यासारखं होतंय. बहिणीला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणाली तर जन्माचं ओझं.

"न मागता तिला कळंल तवा काय म्हनंल?" जोतीराम म्हणाला. "माज्या रक्ताची दोगंच. एकाला ईचारायचं आन् एकीला न्हाई, ही कसली पाळी? याकूब, कागद घे."

पत्र मी लिहिलं, सांगितलं त्यानं. मुतखडा नाही, मूत्रपिंडं गेलीत. तुझ्याकडून काही पायजे असंल तर ते तोंडानं सांगीन, पत्रात नाही. दाजींना घेऊन ये. मी शेवटी रीतीप्रमाणं "काळजी नसावी" लिहिलं. त्यानं वाचायला लावलं आणि ते खोडायला लावलं.

शालूबाई पाचव्या दिवशी आली, घाटातली एस.टी. धरून, कऱ्हाडला गाडी बदलून, नवऱ्यासकट. जाडजूड बाई, केस पिकलेले. भूकंपात तिचं घर पडलं होतं तेव्हा सगळी वसाहत रडत असताना ही ढिगाऱ्यातून तवा शोधत होती, असं नानासो सांगायचा. खाटेशी बसली, जोतीरामच्या पायावरची सूज बोटानं दाबून बघितली.

त्यानं तिला सगळं सांगितलं. मी समोर होतो. मी सांगत असतो तर त्यातलं निम्मं तरी मऊ केलं असतं. त्यानं दहातले तीन आधी सांगितले आणि सात नंतर. बरगडीखालचं कापणं सांगितलं. नानासोचं पलटणीचं अजून कळायचंय तेही सांगितलं. दाजी खिडकीबाहेर बघत होते.

"मला काय हुईल?" शालूबाईनं विचारलं.

"मला ठावं न्हाई, आक्का. कागदात येवडंच हाय. डॉक्टरला तू ईचार. मी हितं नसताना ईचार."

नळीतलं पाणी आता बंद होतं. तो माझ्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडला. आम्ही वऱ्हांड्यातल्या बाकावर बसलो. आत डॉक्टर, शालूबाई आणि दाजी. पाऊण तास. त्यानं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं, पाण्याची पाळी बदलायची असावी तसं.

"हो म्हणेल ती," मी म्हणालो.

"तू गप."

"का?"

"तू परत मुतखडा वाचायला लागलास." मग म्हणाला, "न्हाई म्हनली तरी तिला कळून म्हनंल. तेवडं पुरं हाय मला. तवर ही नळी हाय, पथ्य हाय."

दार उघडलं. दाजी आधी आले, कुणाकडं न बघता नळावर जाऊन तोंड धुतलं. मग शालूबाई. तिनं नानासोला हाक मारली.

"नाना, उद्या दोगांनी उपाशी यायचं. रक्त देयाचं हाय." मग जोतीरामकडं वळली. "मी रक्त देते. बाकीचं अजून कबूल न्हाई. जुळलं तर घरात सासूला ईचारनार, पोरीचं लगीन हाय मार्गशीर्षात ते बगनार, मग सांगनार. घाई करायची न्हाई. चालंल का?"

"चालंल," जोतीराम म्हणाला.

"आन् मला कोन बी मदीच येऊन रडून दाखवायचं न्हाई."

"न्हाई."

नानासो माझ्याकडं बघत होता. बहिणीकडून कबुली घेतल्याशिवाय तिला परत कसं जाऊ द्यायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं. जोतीरामनं ते वाचलं असणार.

"नाना," तो म्हणाला, "दाजींना आन् आक्काला जेवायला ने. आन् जेवताना तिच्याम्होरं काय बी बोलू नगंस."

ती माणसं जिन्यावरून उतरेपर्यंत तो बघत राहिला. मग मला म्हणाला, डॉक्टरांना विचार, पथ्यावर नक्की किती महिने. आकडा पाहिजे. मी आत गेलो आणि विचारला.